स्थळप्रत

ठाणं गेलं की लोकलमध्ये कधीकधी बसायला जागा मिळते. परवा मिळाली, आणि डोंबिवली यायच्या आत मी फोनवर शंभरेक वर्षांपूर्वीचं एक मराठी पुस्तक उघडलं. पिवळी पडलेली पानं, कडेला वाळवीने कोरलेली नक्षी, स्कॅन करणाऱ्याच्या अंगठ्याची सावलीसुद्धा आलेली. पहिल्याच पानावर शिक्का होता : मराठी ग्रंथ संग्रहालय, ठाणे. आणि त्याखाली एक शब्द, 'स्थळप्रत'.

तुमच्यापैकी अनेकांनी हा शब्द ऐकला नसेल. वाचनालयातली दोन प्रकारची पुस्तकं असतात. एक घरी न्यायची. दुसरी तिथेच टेबलाशी बसून वाचायची, कोणालाही, कसल्याही वशिल्यावर बाहेर न द्यायची. ही दुसरी म्हणजे स्थळप्रत. जागा सोडायची नाही हाच तिचा धर्म. आणि ती माझ्या फोनवर होती, मुंब्रा आणि दिव्याच्या मध्ये कुठेतरी, उभ्याने हलणाऱ्या बायकांच्या गर्दीत. ज्या ग्रंथालयातून ती आली ते ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, आणि मी ते स्टेशन पंधरा मिनिटांपूर्वी मागे टाकलं होतं.

हे ग्रंथालय १ जून १८९३ला सुरू झालं. विनायक लक्ष्मण भावे हे त्यामागचं मोठं नाव. पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे ते हेच. १८७१चा जन्म, म्हणजे ग्रंथालय निघालं तेव्हा भावे पुरते बावीस वर्षांचेही नव्हते. आज त्या वयाची मुलं कॅम्पस इंटरव्ह्यूच्या तयारीत असतात (मीही होते, तक्रार नाही). तोपर्यंत आपल्याकडे वाचनालयं निघालेली होती. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर १८६४चं. पण ठाण्याने नाव घेतलं ते 'ग्रंथसंग्रहालय'. वाचनालयात वाचायचं असतं. संग्रहालयात जपायचं असतं. मराठीत छापलेलं जे जे मिळेल ते एका जागी आणायचं, कोणी वाचो न वाचो, असा तो हट्ट. छापलेल्या पुस्तकांची नोंद सरकारदरबारी व्हावी असा कायदा १८६७पासून होता, पण सरकारी नोंद म्हणजे तुमच्या-माझ्या हातात पुस्तक नव्हे. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं ते १८९८ला, ठाण्यानंतर पाच वर्षांनी. ठाणेकर हे सांगायची संधी सोडत नाहीत, आणि सोडूही नये.

तर असं जपलेलं सगळं आता फोनवर आलंय. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'सारख्या प्रकल्पांतून लाखो पुस्तकं स्कॅन झाली, त्यातली पुष्कळशी इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत. मग वाचनालयात जाऊन प्रश्न विचारायचं कारणच काय उरलं? मलाही हेच वाटायचं. माझा समज कसा उतरला ते सांगते. त्यात माझी शोभा आहे, पण इलाज नाही.

३१ मार्च २०१८ला गुगलने डॉ. आनंदीबाई जोशींचं डूडल लावलं होतं. त्यांचा १५३वा जन्मदिवस. आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाची स्मरणिका निघायची होती, मी लगेच पानभर मजकूर लिहिला. कल्याणच्या आनंदीबाई, म्हणजे आमच्याच गावाकडच्या, असा थोडा अभिमान त्यात होता. शेवटी आनंदीबाईंचं म्हणून एक बाणेदार वाक्य टाकलं, नेटवर सापडलेलं, त्यांच्या फोटोवर छापलेलं. ते वाक्य इथे मुद्दाम देत नाही. आधीच पुष्कळ फिरलंय.

स्मरणिका निघाली. मजकूर व्हॉट्सअॅपवर गेला. तीन आठवड्यांनी तोच नागपूरच्या मावशीकडून मला परत आला, माझं नाव गळालेलं आणि शेवटी हात जोडलेल्या चार इमोजी. मी खूश! मग तळमजल्यावरच्या आजोबांनी लिफ्टपाशी गाठलं. रेल्वेतून निवृत्त झालेले, वाचणारे गृहस्थ. म्हणाले, "छान लिहिलंस गं. ते शेवटचं वाक्य कुठलं? पत्रातलं का भाषणातलं?"

मी म्हटलं, "नेटवर आहे, आजोबा."

"ते झालंच. पण नेटवर कुठून आलं?"

तेवढ्यात लिफ्ट आली आणि मी सुटले. पण खरं सुटले नाही, कारण पुढच्या जूनमध्ये भाचीच्या शाळेत गेले तर जिन्याच्या भिंतीवर तेच वाक्य निळ्या ऑइलपेंटने रंगवलेलं. खाली नाव, डॉ. आनंदीबाई जोशी. ते माझ्या मजकुरावरूनच घेतलं असेल असं नाही. पण नसेलच असंही नाही.

महिनाभर मी फोनवर शोधलं. वाक्य शेकडो ठिकाणी होतं, आणि प्रत्येक ठिकाणी दुसरीकडून आलेलं. कोणी पुस्तकाचं नाव देत नव्हतं, तारीख देत नव्हतं. वाक्य खरं असल्याचा पुरावा इतकाच, की ते सगळीकडे आहे. शेवटी एका शनिवारी कल्याणला गेले. वर सांगितलेलं १८६४चं वाचनालय नव्हे, त्याहून लहान, बाजारातल्या एका जिन्याने वर जायचं असतं ते. आत दोन खोल्या. मोठ्या खोलीत एमपीएससीची तयारी करणारी पोरं, प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःची पुस्तकं, स्वतःची पाण्याची बाटली, कानात इअरफोन. तुमच्या-आमच्या भागातल्या बहुतेक वाचनालयांचं हल्लीचं रूप हेच. संदर्भ विभागाची अभ्यासिका झाली. कोश कपाटात, कपाटं भिंतीला, आणि कपाटाला पाठ लावून भावी तहसीलदार. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वन-रूम किचनमध्ये पाच माणसं असताना शांत टेबल ही छोटी गोष्ट नाही.

ग्रंथपाल साठीला टेकलेले. मी म्हटलं, "आनंदीबाई जोशींवर काही आहे का?"

ते उठले नाहीत. चश्मा वर करून म्हणाले, "कशासाठी हवंय? शाळेचा प्रकल्प, भाषण, की काही तपासायचंय?"

मला जरा राग आला. गुगल असं विचारत नाही. (विचारत नाही, कारण त्याला ते आधीच माहीत असल्याचा त्याचा समज असतो.) पण मी 'तपासायचंय' म्हटलं, वाक्य दाखवलं, आणि पुढचे दोन तास कसे गेले कळलं नाही.

नंतर वाचताना समजलं, की त्यांच्या त्या प्रश्नालाच संदर्भसेवेत सगळ्यात जास्त किंमत आहे. वाचक 'आनंदीबाईंवर काही' मागतो तेव्हा त्याला बहुधा दुसरंच, नेमकं काहीतरी हवं असतं. १८७६च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ग्रंथपालांची परिषद भरली होती, तिथे सॅम्युअल ग्रीन नावाच्या ग्रंथपालाने निबंध वाचला. मुद्दा एवढाच, की ग्रंथपालाने नुसतं पुस्तकांवर बसून राहू नये, येणाऱ्या माणसाशी बोलावं, त्याला काय हवंय ते काढून घ्यावं. संदर्भसेवेचा इतिहास सांगताना तिथून सुरुवात करतात. परिषद भरली होती फिलाडेल्फियात, आणि दहा वर्षांनी, मार्च १८८६मध्ये, त्याच शहरातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई डॉक्टर झाल्या. आपल्याकडे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१च्या पंचसूत्रांत चौथं सूत्र ठेवलं ते वाचकाचा वेळ वाचवा. माझा महिना फुकट गेला होता.

काकांनी (दुसऱ्या तासापर्यंत ते काका झाले होते) टेबलावर एकेक पुस्तक मांडलं. पहिलं, श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ'. "ही कादंबरी. लोकांच्या मनातली आनंदीबाई बहुतेक हिच्यातूनच आलेली. पुढे २०१९ला सिनेमा आला, तोही लोकांनी इतिहास म्हणूनच पाहिला." मग काशीबाई कानिटकरांचं चरित्र, मूळ १८८९चं, म्हणजे आनंदीबाई गेल्यावर दोनच वर्षांनी लिहिलेलं, पत्रांसकट. मग अंजली कीर्तन्यांचं संशोधन करून लिहिलेलं जाडजूड चरित्र. "आता चौथं आमच्याकडे नाही," ते म्हणाले, "तुमच्या फोनमध्ये आहे. काढा."

चौथं म्हणजे कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी १८८८ला बोस्टनहून काढलेलं इंग्रजी चरित्र. मी टाइप केलं, सापडेना. काका म्हणाले, "जोशी असं नका टाकू. तेव्हा इंग्रजीत शेवटी दोन 'ई' लावून लिहीत. आणि आनंदी नाही, आनंदाबाई." टाकलं, पहिल्या झटक्यात आलं. त्याच पुस्तकात आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ला बंगालात श्रीरामपूरच्या कॉलेजात केलेलं भाषण आहे. आपण अमेरिकेला का जातोय, हे त्यांनी भर सभेत इंग्रजीतून सांगितलं होतं. वय अठराच्या आतलं! ते भाषण मी तिथेच पूर्ण वाचलं. माझ्या फोटोवरच्या वाक्यापेक्षा किती तरी शांत, मुद्द्याला धरून, कुठे किंचित खोचक. तिच्या तोंडी बाणेदार वाक्यं घालायची काही गरजच नव्हती.

अशा स्पेलिंगच्या खाचाखोचा काकांना कितीतरी ठाऊक होत्या. जुन्या मराठीत 'ठाणें', 'पुस्तकें' असे शेवटी अनुस्वार असत. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते गेले. त्यामुळे आजच्या पद्धतीने शोधलं की जुनं पान हुलकावणी देतं. इंग्रजीत ठाण्याचं स्पेलिंग 'थाना' होतं, त्याआधी 'टॅना'. १८८२चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर हवं असेल तर तेराव्या खंडाचे दोन भाग बघायचे, पण गावांची माहिती चौदाव्यात. नेटवर तिन्ही आहेत, आणि लोक पहिला भाग उघडून "कल्याणबद्दल काहीच नाही" म्हणून बंद करतात. स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांची नावं तर रोमन लिपीत अशी काही चढवलीत की 'ट'च्या डोक्यावर स्वल्पविराम आणि 'आ' मोजायला बोटं लागावीत. लेखकाच्या रकान्यात पुष्कळदा 'नॉट अव्हेलेबल'. पुस्तक जगभर मोकळं झालंय आणि सापडायला मात्र अजूनही कोणीतरी जाणकार लागतो.

इथे एक कबूल करायला हवं. जुने दिवस सोन्याचे नव्हते. डोंबिवलीत मी लहान असताना कोपऱ्यावरच्या वाचनालयातल्या काकू कोशाला हात लावू देत नसत. "काय हवंय ते सांग, मी बघते," म्हणत, आणि बघत नसत. मोठ्या कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष पुण्याला. विश्वकोशाचा खंड बघायला मुलीने तीन खेपा घालायच्या. आज वाईचा तो मराठी विश्वकोश, मोल्सवर्थचा १८५७चा शब्दकोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, सगळं फोनवर आहे, त्यातले दोन शब्दकोश शिकागो विद्यापीठाने ठेवलेत. आनंदीबाई ज्या कॉलेजात शिकल्या त्याची कागदपत्रं आता फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहेत. त्यांचा प्रबंध, आणि १८८५चा तो फोटो, साडीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. हे कल्याणच्या कोणत्याही कपाटात कधीच आलं नसतं. काकांनीच मला ते पान दाखवलं. इंटरनेटवर रागावलेला ग्रंथपाल बघायला मिळेल असं वाटलं होतं, निघाला माझ्यापेक्षा सराईत.

जन्मस्थळाचं विचारलं तर हसले. "कुठे कल्याण दिसेल, कुठे पुणे, आजोळी. लोक येतात आणि म्हणतात एकच काय ते सांगा. मी म्हणतो, कोण काय म्हणतं आणि ते कधी लिहिलंय एवढं सांगतो, बसा आणि ठरवा." माझ्या स्मरणिकेत मी 'कल्याणात जन्मलेल्या' असं ठोकून दिलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

वाक्याचं काय झालं? पत्रांत नाही. श्रीरामपूरच्या भाषणात नाही. कीर्तन्यांच्या पुस्तकात नाही. सापडलं ते कादंबरीत, थोडं वेगळ्या शब्दांत, एका संवादात. कादंबरीकाराने ते लिहिलं यात गैर काही नाही, कादंबरीत माणसं बोलणारच. गैर माझं, मी अवतरणचिन्हं काढून घेतली आणि दुसऱ्याच्या नावावर लावली.

त्यानंतर मी तिथे जात राहिले. दोन वर्षांपूर्वी एक नवीनच प्रकार झाला. कल्याणच्या जुन्या बंदराबद्दल लिहायचं होतं म्हणून एका चॅटबॉटला मराठी पुस्तकांची यादी मागितली. पाच पुस्तकं आली, लेखक, वर्ष, प्रकाशक, सगळं शिस्तीत. यादी घेऊन गेले. तीन मिळाली. दोन कुठेच नाहीत. काकांनी यादीवर बोट ठेवलं, "हे १९३१चं म्हणतोय ना? मग दात्यांना विचारू," आणि एक ठोकळा खाली काढला.

शंकर गणेश दाते. या माणसाने ग्रंथालयांतून हिंडून १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, मग १९३८ ते १९५०ची दुसरी. कॉम्प्युटर नाही, झेरॉक्स नाही. पुस्तकाचं नाव, लेखक, साल, आकार, पानं, विषयवार लावलेली. मी आजवर सूची म्हणजे पुस्तक शोधायचं साधन समजत होते. त्या दिवशी तिचा उलटा उपयोग पाहिला. काकांनी विषयाखाली पाहिलं, लेखकाच्या नावाखाली पाहिलं, आणि म्हणाले, "नाही. दात्यांच्या नजरेतून एखादं सुटू शकतं. पण लेखकच नाही, प्रकाशकाचं दुसरं एकही पुस्तक नाही, असं सहसा होत नाही. हे पुस्तक कोणी लिहिलेलं नाही." इतक्या ठामपणे 'नाही' म्हणणारं मला नेटवर काही भेटलेलं नव्हतं. तिथे एक तर काहीतरी मिळतं, नाहीतर आणखी काहीतरी मिळतं.

काका याच वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोण येणार हे अजून ठरलेलं नाही. १९६७च्या कायद्यापासून आपली सार्वजनिक ग्रंथालयं दर्जाप्रमाणे मिळणाऱ्या सरकारी अनुदानावर चालतात, पगार त्यातूनच भागवायचा, आणि तो पगार किती असतो हे तिथल्या माणसाला विचारलंत तर तो विषय बदलतो. अभ्यासिकेची फी येते, म्हणून अभ्यासिका वाढेल. त्यात काही कट नाही, सरळ हिशोब आहे. मात्र दोन 'ई'चं आता कोण सांगणार, हा माझा प्रश्न त्या हिशोबात कुठे बसत नाही.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी ड्रॉवरमधून एक लांबट वही काढली. लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात असते तसली. बावीस वर्षांत वाचकांनी विचारलेले प्रश्न. तारीख, प्रश्न, कुठे पाहिलं, उत्तर. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात २०१४ला अशाच जुन्या प्रश्नांच्या कार्डांचा एक खोका सापडला होता, त्यांनी ती इन्स्टाग्रामवर टाकली आणि जगभर वाचली गेली. काकांना हे माहीत होतं. "आमचे प्रश्न तेवढे मजेशीर नाहीत," म्हणाले. तसं काही नाही. घराण्याचं मूळ गाव कुठलं असेल. अमुक पिकाला कोकणात काय म्हणतात. वडिलांची कविता १९७०च्या आसपास एका मासिकात आली होती, अंक मिळेल का. सुरुवातीला पानाला सात-आठ नोंदी, पुढे पुढे महिन्याला दोन.

मी म्हटलं, "घरी नेऊन स्कॅन करून आणते."

"घरी नाही," काका म्हणाले. "इथे बसून करा."

म्हणून बसले. खिडकीपाशी, फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवून, पानामागून पान फोटो काढत. पलीकडे एक मुलगा पंचायत राज पाठ करत होता. माझा प्रश्नही त्यात निघाला, काकांच्या तिरप्या अक्षरात : आनंदीबाई जोशी, वाक्य, मूळ? आणि उत्तराच्या रकान्यात : पत्रांत नाही, भाषणात नाही, कादंबरीतील संवाद, पृष्ठ कळवले. त्याच पानाचा फोटो मी शाळेच्या मुख्याध्यापिकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, मे महिन्यात रंगकाम आहे, तेव्हा बघू, आणि त्या जागी घालायला भाषणातलं एखादं खरं वाक्य तुम्हीच सुचवा, शक्यतो छोटं.

साडेसातला दिवे बंद करायची वेळ झाली तेव्हा एकशे चौदा पानं झाली होती. अर्धी वही उरली आहे.